स्कूल टॅक्सच्या बिलावरच्या तीन रकमा : पेनसिल्व्हेनियातल्या मराठी घरमालकांना खुलं पत्र

एक्सटनपासून मेकॅनिक्सबर्गपर्यंत आणि ब्लू बेलपासून पिट्सबर्गच्या उत्तरेकडच्या क्रॅनबेरीपर्यंत पसरलेल्या माझ्या मराठी बांधवांना आणि भगिनींना,

सप्रेम नमस्कार.

जुलै उजाडला की आपल्या टपालपेटीत स्कूल टॅक्सचं, म्हणजे शाळांसाठी घरावर बसणाऱ्या कराचं, बिल पडतं. त्यावर एकाखाली एक तीन रकमा छापलेल्या असतात. पहिली ऑगस्टअखेरपर्यंत भरणाऱ्यासाठी, दुसरी ऑक्टोबरअखेरपर्यंत भरणाऱ्यासाठी आणि तिसरी त्याहून उशीर करणाऱ्यासाठी. तारखा स्कूल डिस्ट्रिक्टनुसार, म्हणजे आपल्या भागातल्या शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेनुसार, थोड्या मागेपुढे होतात, आणि फिलाडेल्फिया शहराची पद्धत तर वेगळीच आहे. पण उपनगरांत राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांचं बिल असंच दिसतं. आपण पहिली रक्कम पाहतो, भरतो आणि विसरतो. ज्यांचं मॉर्गेज अजून चालू आहे त्यांच्या वतीने कर्ज देणारी कंपनी एस्क्रोतून, म्हणजे करासाठी बाजूला ठेवलेल्या आपल्याच पैशातून, परस्पर भरते, त्यामुळे अनेक घरांत ते पाकीट नीट उघडलंही जात नाही.

मला या तीन रकमांबद्दलच बोलायचं आहे. गेली काही वर्षं मी आमच्या स्कूल बोर्डाच्या बजेटच्या बैठकांना जाऊन बसते. तिथे मराठी चेहरे फार दिसत नाहीत याची खंत वाटते. आपण या राज्यात शाळा पाहून घरं घेतली. घर दाखवणाऱ्या एजंटला बेडरूम किती हे विचारण्याआधी डिस्ट्रिक्ट कोणतं हे विचारलं. मग त्या डिस्ट्रिक्टचा पैसा कसा येतो, कधी येतो आणि कोणाच्या खिशातून येतो, हेही आपल्याला ठाऊक असायला हवं.

आधी कायद्याचं. या तीन रकमांच्या मागे १९४५ सालचा एक राज्य कायदा आहे, लोकल टॅक्स कलेक्शन लॉ. बिलावरच्या तारखेपासून दोन महिन्यांच्या आत संपूर्ण रक्कम भरणाऱ्याला किमान दोन टक्के सूट मिळालीच पाहिजे, असं तो सांगतो. चार महिने उलटूनही न भरणाऱ्याला दहा टक्क्यांपर्यंत दंड लावता येतो. मधले दोन महिने छापील रकमेचे. तिला इथे ‘फेस’ म्हणतात. सूट ‘किमान’ दोन टक्के आणि दंड ‘दहा टक्क्यांपर्यंत’, हे दोन शब्द कृपया ध्यानात ठेवा. पुढे ते कामाला येणार आहेत.

पुण्यात घर असलेल्यांना यात नवल वाटणार नाही. मेअखेरच्या आत मिळकतकर भरून सवलत घ्यायची सवय तिथे घरोघरी आहे. फरक असा, की त्या बिलातला शिक्षण उपकर महापालिका राज्य सरकारसाठी गोळा करते. गल्लीतल्या शाळेतल्या बाईंचा पगार त्या बिलावर ठरत नाही. इथे ठरतो. पेनसिल्व्हेनियात ५०० स्कूल डिस्ट्रिक्ट्स आहेत आणि शाळांच्या एकूण उत्पन्नातला निम्म्याहून अधिक वाटा स्थानिक करांतून येतो. त्यातही सर्वांत मोठा हिस्सा घरांवरच्या कराचा. आपल्या पगारातून कापल्या जाणाऱ्या एक टक्का स्थानिक आयकरातला अर्धा टक्का बहुतेक ठिकाणी शाळेकडे जातो, पण घरपट्टीपुढे ती रक्कम लहान आहे.

आता डिस्ट्रिक्टच्या बाजूने पाहा. त्यांचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. उन्हाळ्यात छपरं दुरुस्त करायची असतात, बसचे करार, विमा, पुस्तकं यांची बिलं येतात, आणि ऑगस्टच्या अखेरीस वर्ग भरले की दर पंधरवड्याला पगार द्यावे लागतात. राज्याचं मुख्य अनुदान दर दोन महिन्यांनी हप्त्याहप्त्याने येतं. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये घरमालकांनी भरलेला कर हाच वर्षाच्या सुरुवातीचा खरा आधार असतो. तो वेळेवर आला नाही, तर पुढे येणाऱ्या कराच्या भरवशावर अल्पमुदतीचं कर्ज काढावं लागतं आणि त्याचं व्याज पुन्हा करातूनच फेडावं लागतं.

आणि राज्याचा हप्ता येईलच, असंही गृहीत धरता येत नाही. २०१५ मध्ये गव्हर्नर टॉम वुल्फ आणि विधिमंडळ यांचं जमलं नाही. ३० जूनला मंजूर व्हायचा अर्थसंकल्प पुढच्या वर्षीच्या मार्चपर्यंत पुरा झाला नाही. कित्येक डिस्ट्रिक्ट्सनी कर्जं काढली. डेलावेअर काउंटीतल्या चेस्टर अपलँडच्या तिजोरीत तर पगारापुरतेही पैसे नव्हते. तिथल्या शिक्षकांनी आणि कर्मचाऱ्यांनी ऑगस्टच्या अखेरीस मतदान करून ठरवलं, की पगार मिळो न मिळो, शाळा वेळेवर उघडायची. हे फिलाडेल्फियाच्या विमानतळापासून काही मैलांवर घडलं. आपण भारतात जाताना ज्या रस्त्याने विमानतळावर जातो, त्याच परिसरात. दहा वर्षांनी, २०२५ मध्ये, पुन्हा तेच. गव्हर्नर जॉश शपिरो यांची अर्थसंकल्पावर सही व्हायला १२ नोव्हेंबर उजाडला. साडेचार महिने शाळांचे अब्जावधी डॉलर अडकून राहिले.

अशा वर्षी कोणती शाळा तरते? जिच्या हद्दीतल्या घरमालकांनी ऑगस्टमध्येच पैसे भरले ती. आपल्या डिस्ट्रिक्टमधल्या मुलांना त्या शरद ऋतूत काही जाणवलंही नसेल. फुटबॉलचे सामने झाले, बँड वाजला, बस वेळेवर आल्या. त्यामागे एकेका घराने वेळेआधी भरलेला कर होता. म्हणून पहिलं सांगणं सरळ आहे : ज्यांना शक्य आहे त्यांनी ऑगस्टअखेरच्या आत भराच. यात माझ्या मनात कसलाही किंतु नाही.

पण मला त्याहून महत्त्वाचं काही सांगायचं आहे. ही दोन टक्के सूट कोण देतं? डिस्ट्रिक्ट देतं, असं आपण समजतो. आकडे मांडून पाहू.

तुमचं बिल ६,००० डॉलरचं आहे असं धरा. ऑगस्टमध्ये भरलं तर ५,८८०. ऑक्टोबरमध्ये ६,०००. नोव्हेंबर लागला आणि दंड पूर्ण दहा टक्के असला, तर ६,६००. ऑगस्टच्या शेवटच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवसात दोन महिन्यांचं अंतर आहे. ५,८८० डॉलरवर दोन महिन्यांत १२० डॉलर म्हणजे वर्षाला बारा टक्क्यांहून थोडं जास्त. इतकं व्याज कुठलंही बचत खातं देत नाही. साहजिकच, ज्याच्या खात्यात पैसे आहेत तो प्रत्येक जण ऑगस्टमध्ये भरतो. मागे राहतात ते प्रामुख्याने दोन प्रकारचे लोक : ज्यांच्या लक्षात राहिलं नाही ते, आणि ज्यांच्याकडे तेवढे पैसे एकरकमी नव्हते ते.

आता डिस्ट्रिक्टची वही उघडा. शंभरातल्या पंचाऐंशी घरांनी सूट घेतली आणि पंधरा घरांनी फेस भरलं असं समजू. हे प्रमाण मी केवळ हिशेब समजावा म्हणून धरलं आहे. दर घरामागे सरासरी ५,८९८ डॉलर जमा झाले. बोर्डाला हे आधीच माहीत असतं. जूनमध्ये बजेट मंजूर करताना किती टक्के लोक सूट घेतील, किती थकतील याचा अंदाज बांधूनच कराचा दर, म्हणजे मिल्स, ठरवले जातात. शाळेला दर घरामागे ५,८९८ हवे होते, म्हणून बिलावर ६,००० छापले गेले. सूट नावाची गोष्टच नसती, तर सगळ्यांच्या बिलावर ५,८९८ आले असते.

म्हणजे ऑगस्टमध्ये भरून आपण १२० डॉलर वाचवले असं जे वाटतं, त्यातले खरे वाचले अठरा. आणि ऑक्टोबरमध्ये भरणाऱ्याने १०२ डॉलर जास्त दिले. सूट म्हणून आपल्या हातात जे पडतं, त्याचा मोठा भाग शाळेच्या तिजोरीतून निघत नाही. तो उशिरा भरणाऱ्या शेजाऱ्याच्या खिशातून येतो. सूट घेणाऱ्यांचं प्रमाण जितकं जास्त, तितका उरलेल्या थोड्यांवर बोजा जड.

हे जेव्हा मी पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा मला आमच्या रस्त्यावरच्या म्हाताऱ्या शेजारीणबाई आठवल्या. नवरा गेल्यावर त्या सोशल सिक्युरिटीच्या सरकारी पेन्शनवर राहतात. त्यांची मुलं याच शाळेत शिकून मोठी झाली, आपली मुलं ज्या जिममध्ये खेळतात तिचे पैसे त्यांच्यासारख्यांनीच भरले. आज मात्र त्या तीन रकमांपैकी पहिली त्यांच्या आवाक्यात नाही. मला हे मनापासून अन्यायाचं वाटतं.

याहून मोठा उलटा न्याय डिस्ट्रिक्टा-डिस्ट्रिक्टांत आहे. सूट घेऊन लवकर भरणारे लोक जिथे भरपूर, तिथे शाळेकडे रोकड खेळती राहते. राज्य चार महिने थांबलं तरी चालतं. जिथे घरांच्या किमती कमी, पगार कमी, राज्याच्या पैशावरचं अवलंबित्व जास्त, तिथे ऑगस्टचा ओघही बारीक आणि राज्याची राजधानी हॅरिसबर्ग, तिथला नळही बंद. कर्ज त्यांनाच काढावं लागतं. २०१४ साली सहा डिस्ट्रिक्ट्सनी काही पालकांना आणि संघटनांना बरोबर घेऊन राज्यावर खटला भरला तो याच मुळावर बोट ठेवून : विल्यम पेन, पँथर व्हॅली, लँकेस्टर, ग्रेटर जॉन्सटाउन, विल्क्स-बॅरी एरिया आणि शेनँडोआ व्हॅली. ७ फेब्रुवारी २०२३ रोजी कॉमनवेल्थ कोर्टाच्या न्यायाधीश रेने कोन जुबेलिरर यांनी निकाल दिला, की स्थानिक श्रीमंतीवर इतकी विसंबलेली ही व्यवस्था राज्यघटनेत बसत नाही. निकालपत्र सातशेहून अधिक पानांचं आहे. त्यानंतर राज्याने पैसे वाढवायला सुरुवात केली आहे. पण वाढवलेला पैसा वेळेवर पोहोचला नाही तर ज्यांच्यासाठी वाढवला त्यांनाच तो व्याजाने उसना घ्यावा लागतो, हे २०२५ ने दाखवून दिलं.

मग काय करायचं? सूट बंद करा असं मी म्हणणार नाही. कायद्याने ती बंद करणं बोर्डाच्या हातात नाही, आणि लवकर येणाऱ्या पैशाची शाळेला खरोखर गरज आहे. पण बोर्डाच्या हातात बरंच काही आहे, आणि ते मागण्याची ताकद आपल्यात आहे.

पहिली मागणी दंडाची. कायदा दहा टक्क्यांपर्यंत म्हणतो, दहाच टक्के म्हणत नाही. ३१ ऑक्टोबरला ६,००० आणि १ नोव्हेंबरला ६,६००, ही उडी मला अमानुष वाटते. ज्याच्याकडे सहा हजार नव्हते त्याच्याकडे एका रात्रीत सहाशे जास्त कुठून येणार? थकलेला कर जानेवारीत काउंटीच्या टॅक्स क्लेम ब्युरोकडे जातो. तिथे वर्षाला नऊ टक्के दराने व्याज चढतं, वर खर्च लागतात, आणि वेळेत फेडलं नाही तर शेवटी घर लिलावात निघतं. इतकी कडक व्यवस्था पुढे उभी असताना दंड पूर्ण दहा टक्केच का, हा प्रश्न बोर्डाला विचारला पाहिजे. पाच टक्के केल्याने शाळा बुडणार नाही. बजेटमध्ये दंडातून किती उत्पन्न धरलं आहे ते विचारा, म्हणजे हे बोलणं हवेत राहणार नाही.

दुसरी मागणी हप्त्यांची. बऱ्याच डिस्ट्रिक्ट्समध्ये राहतं घर म्हणून नोंदवलेल्या मालमत्तेचा कर हप्त्यांनी भरता येतो. त्यावर सूट नसते, पण एकरकमी पैसे उभे करण्याची सक्तीही नसते. हे बिलावर कुठे तरी बारीक अक्षरांत असतं, आणि पहिल्या हप्त्याची तारीख उलटून गेली की संधी गेली. हप्त्यांची माहिती ठळक छापा, जुलैत वेगळं पत्र पाठवा, बिलाच्या पहिल्या पानावर टाका, एवढं मागायला कोणाची हरकत असू नये. माझ्या मते हप्ते अशी नोंद (तिला ‘होमस्टेड’ म्हणतात) नसलेल्यांनाही खुले असावेत.

तिसरी मागणी हिशेबाची. किती घरांनी सूट घेतली, किती फेसवर गेले, किती दंडात अडकले, सूट दिल्याने किती रक्कम सोडावी लागली, हे दरवर्षी बजेटच्या चर्चेत लोकांसमोर मांडा. टॅक्स कलेक्टर डिस्ट्रिक्टला दरमहा अहवाल देतात. आकडे तयारच असतात. कोणी दिले नाहीत तर राज्याचा राइट-टू-नो कायदा आहे, आणि माहितीच्या अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा हे महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

बोर्डाबाहेरची एक मागणी आपल्या राज्य प्रतिनिधीकडे आणि सिनेटरकडे आहे : अर्थसंकल्प लांबला तरी शाळांचे हप्ते थांबू नयेत, आणि थांबले तर डिस्ट्रिक्टने काढलेल्या कर्जाचं व्याज राज्याने सोसावं. जो घरमालक एक दिवस उशीर केला म्हणून दहा टक्के दंड भरतो, त्याला हे मागण्याचा पूर्ण नैतिक हक्क आहे. राज्याने शाळांचे पैसे चार महिने थकवले तर त्याला कोण दंड करतं?

“आम्ही एच-वन बी व्हिसावर आहोत, मत देता येत नाही” हे मी अनेकदा ऐकलं आहे. मत देता येत नाही हे खरं. पण राज्याचा सनशाइन कायदा सार्वजनिक बैठकीत बोलण्याचा हक्क रहिवाशांना आणि करदात्यांना देतो. नागरिकत्वाची अट त्यात नाही. तुम्ही त्या डिस्ट्रिक्टमध्ये राहता, कर भरता, तुम्ही माइकपुढे उभं राहून तीन मिनिटं बोलू शकता. जे नागरिक झाले आहेत त्यांनी विषम वर्षांतली निवडणूक सोडू नये. बोर्डावर नऊ जण असतात, चार वर्षांसाठी निवडून येतात, बिनपगारी काम करतात. आपल्याकडे अध्यक्षपदाच्या निवडणुकीला उत्साह असतो आणि जिथे शे-दोनशे मतांनी निकाल फिरू शकतो त्या निवडणुकीला आपण घरी बसतो. बहुतेक टाउनशिप्समध्ये टॅक्स कलेक्टरसुद्धा निवडून आलेली व्यक्ती असते. त्या बिलावर जिचं नाव आहे तिला फोन करता येतो, भेटता येतं. मी ज्यांना भेटले आहे त्या फार आस्थेने बोलल्या. दंडाची वेळ जवळ आली की म्हाताऱ्या माणसांना स्वतःहून आठवण करून देणाऱ्याही यांत आहेत.

“आमची मुलं कॉलेजात गेली, आता आम्हाला काय त्याचं” असं म्हणणाऱ्यांशी मात्र मला थोडं भांडायचं आहे. तुमची मुलं बारा-तेरा वर्षं शिकली तेव्हा त्यांच्या शिक्षकांचे पगार कोणी दिले? ज्यांची मुलं तेव्हा कॉलेजात गेली होती त्यांनी, ज्यांना मुलंच नव्हती त्यांनी. आपल्या शनिवार-रविवारच्या मराठी शाळा, आपला गणपतीचा कार्यक्रम, दिवाळीचं नाटक कितीदा याच पब्लिक स्कूलच्या इमारतींत झालं आहे! तेव्हा पाठ फिरवू नका.

काही व्यवहाराच्या गोष्टी, कारण माहिती नसल्यामुळे आपलीच माणसं पैसे घालवताना मी पाहिली आहेत.

एस्क्रो असेल तरी ऑगस्टच्या मध्यावर कर्ज देणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन कर भरला गेला का ते पाहा. कर्ज एका कंपनीकडून दुसरीकडे गेलं असेल त्या वर्षी तर नक्कीच पाहा. स्वतः भरत असाल तर पोस्टाच्या शिक्क्याची तारीख महत्त्वाची ठरते. बँकेच्या बिल-पेमधून निघणाऱ्या चेकच्या पाकिटावर बरेचदा असा शिक्का नसतो, त्यामुळे ३० ऑगस्टला बटण दाबून निर्धास्त राहू नका. क्रेडिट कार्डाने भरलं तर वर लागणारी फी सगळी सूट गिळू शकते.

नवं घर घेतलेल्यांसाठी : पहिल्या वर्षी बिल जुन्या मालकाच्या नावाने जातं आणि आपल्याला कळतच नाही. घर घेतल्यापासून बारा महिन्यांत असं झालं आणि बिल मिळालंच नाही, तर २०२२ च्या ५७ क्रमांकाच्या कायद्याखाली अर्ज करून, मूळ रक्कम भरून, दंड माफ करून घेता येतो. हा कायदा असूनही लोक मुकाट दंड भरतात.

होमस्टेडचा अर्ज ज्यांनी केलेला नाही त्यांनी करावा. २००६ च्या पहिल्या क्रमांकाच्या कायद्याने, कसिनोच्या उत्पन्नातून, राहत्या घराच्या स्कूल टॅक्समध्ये कपात मिळते. रक्कम प्रत्येक डिस्ट्रिक्टमध्ये वेगळी असते. अर्ज काउंटीच्या असेसमेंट ऑफिसकडे १ मार्चच्या आत जायला हवा. ही कपात लवकर भरण्यावर अवलंबून नाही, म्हणून ऑक्टोबरमध्ये भरणाऱ्या शेजाऱ्यालाही ती मिळते. त्याने अर्ज केला आहे का, हे विचारून पाहा.

आणि पासष्ट वर्षांवरचे, पन्नाशीवरच्या विधवा आणि विधुर, आणि अपंग प्रौढ यांच्यासाठी राज्याची प्रॉपर्टी टॅक्स आणि रेंट रिबेट योजना आहे. २०२३ मध्ये केलेल्या बदलाने तिची नेहमीची कमाल मर्यादा १,००० डॉलर झाली आणि उत्पन्नाची अट ४५,००० डॉलरपर्यंत सैल करून पुढे महागाईशी जोडली गेली. सोशल सिक्युरिटीचं अर्धंच उत्पन्न मोजतात. भाड्याने राहणाऱ्यांनाही अर्ज करता येतो, हे विशेष. कारण दोन टक्क्यांची सूट घरमालक घेतो, भाडेकरूच्या वाट्याला ती येत नाही. अर्जाला पीए-१००० म्हणतात. आपल्यातले चार जण लॅपटॉप घेऊन बसले तर एका दुपारी पंधरा-वीस ज्येष्ठांचे अर्ज भरून होतील, मराठी असोत वा नसोत.

गणपती ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात येतात. मंडळांचे ग्रुप तेव्हा सर्वांत जागे असतात, वर्गणीपासून मोदकांपर्यंत रोज शंभर निरोप फिरतात. त्यांत १५ ऑगस्टला एक निरोप कराच्या तारखेचा आणि हप्त्यांचा घाला, अशी सर्व मंडळांच्या कार्यकारिणींना माझी विनंती आहे. फेब्रुवारीत होमस्टेडचा, मेमध्ये बजेटच्या बैठकीचा.

मे महिन्याचं कारण सांगते. जूनअखेर अंतिम मंजुरीपूर्वी बजेटचा मसुदा किमान वीस दिवस लोकांना पाहायला ठेवावा लागतो. बोलायची खरी वेळ तीच. जुलैत बिल हातात पडल्यावर तक्रार करून त्या वर्षापुरतं काही बदलत नाही. आमच्या डिस्ट्रिक्टमधल्या मे महिन्याच्या बैठकीत मी तीन प्रश्न विचारणार आहे, तुमच्या बोर्डालाही तेच विचारा : गेल्या वर्षी सूट दिल्याने किती रक्कम गेली, दंडातून किती आली, आणि दंडाचा दर दहा टक्क्यांवरून खाली आणण्याचा ठराव बोर्ड कधी मतदानाला घेणार? उत्तरं लिहून घ्या आणि मला कळवा. दोन-चार डिस्ट्रिक्ट्सची उत्तरं एकत्र आली, की ती शेजारच्या बोर्डासमोर ठेवता येतील.

आपली,
चेस्टर काउंटीतली एक करदाती